पडद्यावरचा प्रश्न आणि बांधावरची मुलाखत

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकात झाली. ती अल्पावधीत अनेक राज्यांत पसरली आणि पोखरलेल्या पोंग्यांची छायाचित्रे शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरू लागली. २००४ मध्ये सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरकडील प्रश्नांच्या नोंदीही शासनाने खुल्या केल्या आहेत. शेतकऱ्यांचे अनुभव व निर्णय अभ्यासणाऱ्या गुणात्मक संशोधनाने या साहित्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. परंतु त्यालाच मुलाखतीचा पर्याय मानणे अधिक घातक ठरेल.

मुलाखतीच्या मर्यादा परिचित आहेत. खरिपातील फवारणीविषयी रब्बीत विचारले असता स्मरण दगा देते. समोर अधिकारी असल्यास ‘शिफारशीप्रमाणेच मात्रा दिली’ असे उत्तर भिडेपोटी मिळते. अळी दिसली त्याच दिवशी विचारलेला प्रश्न अधिक रोखठोक असतो. दोन औषधे एकत्र मिसळावीत का, ही शंका तेथे आडपडद्याविना व्यक्त होते.

तथापि, पुढे पाठविलेल्या छायाचित्राचे मूळ गाव व दिनांक कळत नाही. अळीच्या डोक्यावरील उलटे ‘वाय’ चिन्ह आणि शेपटीकडील चौकोनात मांडलेले चार ठिपके स्पष्ट दिसत नसतील, तर छायाचित्रावरून ओळख पटवणे जोखमीचे असते. कॉल सेंटरच्या नोंदीत शेतकऱ्याचे शब्द नव्हे, तर त्यांचा सारांश असतो.

सर्वांत मोठी उणीव अनुपस्थितांची आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीमुळे विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. पाठीवर पंप वाहणारा मजूर किंवा निंदणी करणारी स्त्री अशा गटांत क्वचितच लिहिते. केवळ संदेशांवर आधारलेली शिफारस त्यांच्या जिवाचा विचार न करताच तयार होईल.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. संदेशांतून शंका, स्थानिक शब्द व काळ टिपावा; त्यावरून प्रश्नावली रचावी; नंतर शेतमालक, मजूर, स्त्रिया व कृषी सेवा केंद्रचालक यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. दोन्हींत विसंगती आढळल्यास ती वगळू नये. तिचे कारण शोधणे हेच संशोधन होय.

गटातील मजकूर वापरण्यापूर्वी सदस्यांची संमती घ्यावी आणि नावे व क्रमांक काढून टाकावेत. विस्तार कार्यकर्त्यावरील विश्वासाला एकदा तडा गेला, तर पुढील हंगामात किडीची पहिली वर्दी देणारा गटच मौन धारण करील.