नशीब? ते शून्यापासून मोजा!

फैजपूरच्या माझ्या मामेभावाची वही बघाच. डाव्या पानावर केळीचा हिशोब, उजव्या पानावर 'एमराल्ड कायझो'! मंडळी, हा साधासुधा टाइमपास नव्हे. कायझो म्हणजे जपानीत फेरफार. 2004 च्या पोकेमॉन एमराल्डचं एका चाहत्यानं केलेलं हे महाकठीण रूप. पठ्ठ्याला ते कमीत कमी वेळात संपवायचंय, म्हणून आधी सगळं कागदावर. सहा जणांची फौज पोसायची नाही, एकालाच तगडा करायचा. फालतू झुंजी रिपेल मारून टाळायच्या. संवादांचा वेग सुरुवातीलाच वाढवायचा.

आणि नशीब? इथेच सॉल्लिड गंमत आहे. कुठला प्राणी, किती ताकदीचा भेटणार, हे ठरवणारी आकड्यांची साखळी मूळ एमराल्डमध्ये गेम चालू केला की दर वेळी शून्यापासूनच सुरू होते. म्हणजे नेमक्या क्षणी बटण दाबलं, तर नेमका तोच प्राणी! फक्त हा 'क्षण' सेकंदाचा जेमतेम साठावा भाग असतो.

ऑफिसात कुणी विचारेलच, "मग यात खेळ कुठे उरला?" उरतो की, बॉस. अंगठा जरा चुकला की पुढचा अख्खा क्रम सरकतो, आणि समोर कायझोचा जिम लीडर उभा असताना नवा डाव जागच्या जागी सुचावा लागतो.