ॲप अनइन्स्टॉल केलं, पण तुमचा डेटा गेला का?

गरज संपली की आपण ॲप अनइन्स्टॉल करतो आणि विषय संपला असं समजतो. पण संपतो तो फक्त फोनपुरता, तोही पूर्ण नाही.

अँड्रॉइडमध्ये ॲप काढलं की त्याचं स्वतःचं फोल्डर आणि कॅशे पुसली जाते. डाउनलोड फोल्डरमधल्या फाइल्स आणि गॅलरीत सेव्ह केलेले फोटो मात्र तसेच राहतात. बॅकअप चालू असेल तर ॲपचा थोडा डेटा तुमच्या गूगल खात्यातही असतो. म्हणूनच काही ॲप्स पुन्हा टाकली की जुनी सेटिंग्ज आपोआप परत येतात.

खरी गोष्ट आहे ती कंपनीच्या सर्व्हरवर. समजा, झटपट कर्ज देणाऱ्या एखाद्या ॲपला तुम्ही कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिली होती. ॲप काढल्यावर नवीन नंबर त्याला मिळणार नाहीत, पण आधीच उचललेली यादी तिकडेच राहते. वसुलीसाठी नातेवाइकांना फोन जाण्याचे प्रकार यातूनच घडले. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज ॲप्सना कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग आणि फाइल्स बघायला मनाई केली, ती उगाच नाही.

मग नवीन कायदा काय म्हणतो? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे, असं हा कायदा सांगतो. डेटा पुसायला लावण्याचा हक्कही देतो. पण यातली मुख्य बंधनं लागू व्हायला नियम आल्यापासून १८ महिने आहेत, म्हणजे मे २०२७ उजाडणार.

दुसरी अडचण अशी, की ॲप काढणं म्हणजे संमती मागे घेणं, असं कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. तीन वर्षं न वापरल्यास डेटा पुसायचा नियम आहे, पण तो मोठ्या शॉपिंग, गेमिंग आणि सोशल मीडिया कंपन्यांसाठी. शॉपिंग आणि सोशल मीडियासाठी मर्यादा २ कोटी युजर्सची, गेमिंगसाठी ५० लाखांची. छोट्या फोटो एडिटिंग ॲपला असं ठरावीक घड्याळ नाही. मला कायद्याची ही बाजू लंगडी वाटते, कारण आपण सर्वात बेफिकीरपणे टाकतो ती अशीच ॲप्स.

म्हणून तोपर्यंत क्रम लक्षात ठेवा:

१. आधी ॲपमधून अकाउंट डिलीट करा. नुसतं लॉगआउट करून उपयोग नाही.
२. सबस्क्रिप्शन प्ले स्टोअरमधून आणि ऑटोपे यूपीआय ॲपमधून बंद करा. ॲप काढलं तरी पैसे कापले जाऊ शकतात.
३. ‘गूगलने साइन इन’ केलं असेल तर गूगल खात्यातून ते कनेक्शन तोडा.
४. मग अनइन्स्टॉल करा आणि उरलेल्या फाइल्स साफ करा.

ॲप आधीच काढून टाकलंय? हरकत नाही. ज्या ॲपमध्ये अकाउंट उघडता येतं, त्याने अकाउंट डिलीट करायची वेब लिंकही द्यावी, असा प्ले स्टोअरचा नियम आहे. ॲपच्या पानावर ‘डेटा सेफ्टी’मध्ये जाऊन बघा. विनंती पाठवली की स्क्रीनशॉट जपून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर तोच पुरावा कामाला येईल.