तुटीच्या वर्षाचा करार आधी करा

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु मराठी माणसाला परके नाही. रामेश्वरला निघालेल्या यात्रेकरूंसाठी तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी तिथे आपली सहचरी मुक्तांबाळ हिच्या नावाने छत्र उभारले. आज त्या तालुक्याचे भात कर्नाटकातील धरणांवर आणि कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आदेशांवर अवलंबून आहे. तामिळनाडूतील मेट्टूर धरणाचे पाणी दरवर्षी १२ जूनला सुटावे, ही तिथल्या शेतकऱ्याची अपेक्षा. २०२४ मध्ये ते २८ जुलैला सुटले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तामिळनाडूला वर्षाला १७७.२५ टीएमसी पाणी ठरवून दिले आणि त्याच वर्षी प्राधिकरण स्थापन झाले. चांगल्या पावसात सारे सुरळीत चालते. मात्र तुटीच्या वर्षी कोणी किती सोसायचे, यावर राज्यांचे एकमत नाही. २०२३ मध्ये मेट्टूर वेळेवर उघडले, पण ऑक्टोबरमध्ये बंद करावे लागले. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुरुवै हंगामाचे भात वाळले, तर तामिळनाडूला पाणी सोडल्याच्या निषेधार्थ बेंगळुरूत बंद पाळला गेला.

संस्था असूनही शेजाऱ्यांचे सहकार्य अडते, हे अरब देशांनीही भोगले आहे. १९८९ मध्ये उत्तर आफ्रिकेतील पाच देशांनी अरब मगरिब संघ स्थापला. १९९४ नंतर त्यांच्या राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषद झालेली नाही आणि अल्जीरिया-मोरोक्को सीमा बंदच आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेली सहा देशांची आखाती सहकार्य परिषदही भांडणातून सुटली नाही. २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि बहारीनने कतारशी संबंध तोडले. समेट २०२१ मध्ये अल-उला येथे झाला. पण त्या साऱ्या काळात कतारचा वायू समुद्राखालच्या वाहिनीतून अमिरातीत येतच राहिला, कारण तो पुरवठा आधीच झालेल्या करारात बांधलेला होता. अर्थात, वायूचे पैसे मिळतात. पाणी सोडणाऱ्या सरकारच्या वाट्याला स्वतःच्या मतदारांचा रोष येतो. म्हणूनच दुष्काळाचे सूत्र दुष्काळ पडण्याआधी ठरले पाहिजे. धरणे रिकामी झाल्यावर कोणताही मुख्यमंत्री उदार होऊ शकत नाही.

महाराष्ट्राने हे कावेरीचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये. तुटीप्रमाणेच पुराचे नियमही आधीच ठरावे लागतात. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूर बुडाले, तेव्हा कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या विसर्गावरून दोन्ही राज्यांत पत्रे आणि बैठका चालू होत्या. कोयना ते अलमट्टी पाणीसाठ्याची आणि विसर्गाची माहिती दर तासाला दोन्ही बाजूंना मिळेल, अशी कायमस्वरूपी संयुक्त यंत्रणा महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारांनी पुढच्या पावसाळ्याआधी उभारावी.