डॉ. जीवराज मेहता आणि परळचा वारसा

डॉ. जीवराज मेहता यांचे नाव निघाले की गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री, एवढीच ओळख बहुधा सांगितली जाते. १९७८ साली निवर्तलेल्या या वैद्याचे अधिक चिरस्थायी कार्य मात्र मुंबईच्या गिरणगावात, परळला उभे आहे.

१८८७ साली अमरेली येथे सामान्य स्थितीतील कुटुंबात जन्मलेले मेहता मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले. टाटांच्या शिष्यवृत्तीवर ते लंडनला गेले व १९१४ साली एम. डी. झाले. त्याच सुमारास लंडनमध्ये आजारी पडलेल्या गांधीजींवर त्यांनी उपचार केले.

त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील प्राध्यापकपदे बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. भारतीय डॉक्टर कितीही विद्वान असला, तरी त्याच्या वाट्याला दुय्यम जागाच येई. सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या नावाने दिलेल्या देणगीने या मक्तेदारीस आव्हान दिले. सरकारी नोकरीत नसलेले, सुयोग्य भारतीयच अध्यापक नेमावेत, ही त्या देणगीची अट होती. १९२६ साली हे महाविद्यालय आणि महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय एकत्रच सुरू झाले. पहिले अधिष्ठाता या नात्याने मेहतांनी ती अट यशस्वी करून दाखविली. पुढे १९४२च्या लढ्यात त्यांनी कारावासही भोगला.

मेहता समाजवादी नव्हते. ते अखेरपर्यंत काँग्रेसपरंपरेतले गृहस्थ होते. तथापि त्यांनी उभारलेल्या संस्थेत एक समाजवादी आशय आपोआप उतरला. गिरणी कामगाराच्या खाटेशी उभे राहून विद्यार्थी वैद्यक शिकू लागला, आणि ते रुग्णालय नागरिकांच्या करांवर चालले. समाज ज्याला शिकवितो, त्याच्यावर समाजाचे ऋण असते, हे तेथे वेगळे सांगावे लागले नाही.

आज मक्तेदारी वर्णाची राहिलेली नाही. ती पैशाची झाली आहे. खाजगी महाविद्यालयांत लाखो रुपये शुल्क भरून बाहेर पडणारा डॉक्टर प्रथम त्या रकमेची वसुली करू पाहतो, आणि ती वसुली अखेर रुग्णाच्या खिशातूनच होते. दोष एकट्या त्या तरुणाचा नव्हे. ज्या व्यवस्थेने शिक्षण विकावयास काढले, तिचा आहे. दुसरीकडे सार्वजनिक रुग्णालयांतील गर्दी आणि रिक्त जागा यांचे निमित्त करून तीही खाजगी हाती सोपविण्याची भाषा बोलली जाते.

मेहतांचे स्मरण तसबिरीला हार घालून पुरे होणार नाही. आपापल्या गावच्या सरकारी वा पालिकेच्या दवाखान्यात किती जागा रिकाम्या आहेत, औषधे का मिळत नाहीत, याचा जाब कार्यकर्त्यांनी विचारला पाहिजे. परळचा वारसा जतन करण्याचा आरंभ तेथूनच होईल.