गाडी उभी, बॅटरी आडवी

रात्रीचे आठ. कोथरूडच्या आमच्या सोसायटीचं पार्किंग. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, थर्मासमध्ये चहा भरून एकदम तय्यार. दादा अडीच महिन्यांनी मिनियापोलिसहून परत येणार होता. फ्लाइट मुंबईला रात्री दोनला उतरणार होती आणि बाबांचं पक्कं ठरलं होतं, की त्याला आणायला त्याच्याच गाडीतून जायचं. रात्री एक्स्प्रेस-वेवर स्वतः चालवायला नको, म्हणून ओळखीचा ड्रायव्हरही सांगून ठेवलेला. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्-टक्-टक्-टक्. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले आणि गेले.

मग अशा वेळी जे होतं तेच झालं. वॉचमन आला, जिममधून परतणारी दोन पोरं आली, धक्का मारून झाला. पण बॉस, आजच्या गाड्या धक्क्याला दाद देत नाहीत. इंजिनात पेट्रोल कधी आणि किती सोडायचं हे एक कॉम्प्युटर ठरवतो आणि त्यालाच जागं व्हायला करंट मिळत नसेल, तर तुम्ही गाडी ढकलत डेक्कनपर्यंत नेलीत तरी फायदा नाही. शेवटी दादा मुंबईहून टॅक्सी करून आला. बाबांनी शर्ट काढून हँगरला लावला, थर्मासमधला चहा आम्ही दोघांनी संपवला आणि ते एवढंच म्हणाले, "अगं, पण मी दर रविवारी स्टार्ट करत होतो."

खरंच करत होते. जाताना दादानं किल्ली हातात देऊन सांगितलं होतं, "बाबा, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं स्टार्ट करा, बाकी टेन्शन नाही." बाबा बँकेतून रिटायर झालेले. त्यांना काम सांगितलं की ते होतंच. रविवारी नऊ वाजता खाली जायचं, कव्हर काढायचं, सेल मारायचा, पाच मिनिटं गाडी जागच्या जागी चालू ठेवायची. वर सगळं नीट चालतंय ना हे बघायला एसी, हेडलाइट, वायपर एकेकदा लावून बघायचे. दादा यायच्या आदल्या दिवशी तर त्यांनी चारही दारं उघडी टाकून, रेडिओ लावून तासभर गाडी आतून पुसून काढली.

आणि हे सगळं, म्हणजे ही पाच मिनिटं, ते हेडलाइट, ती उघडी दारं आणि तो रेडिओ, बॅटरीला हळूहळू झोपवत होतं.

ऑनसाइट जाणारे, लग्नासाठी महिनाभर गावी जाणारे, वर्क फ्रॉम होममुळे गाडीचं कव्हरच न काढणारे... आपल्यातल्या बहुतेकांचा फंडा हाच असतो : पाच मिनिटं स्टार्ट करा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर अख्ख्या सोसायट्या हे व्रत पाळत होत्या आणि तरी अनलॉकनंतर मेकॅनिक लोक बॅटऱ्याच बदलत बसले होते. म्हणून मी मेकॅनिककडून नीट समजून घेतलं आणि मग कागद-पेन घेऊन बाबांसमोर बसले. बँकवाल्या माणसाला हिशोबच समजतो.

गाडी बंद असते तेव्हाही ती पूर्ण बंद नसते. घड्याळ, सिक्युरिटी अलार्म, रिमोटची वाट बघत बसलेलं सेंट्रल लॉकिंग, त्या कॉम्प्युटरची मेमरी, असं सगळं थोडा थोडा करंट पीत असतं. २० ते ५० मिलिअँपिअर हे तब्येत ठीक असलेल्या गाडीतही असतंच. आपण कमीत कमी, २० धरू. दिवसाला साधारण अर्धा अँपिअर-अवर, आठवड्याला जवळजवळ साडेतीन. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-अवरची, तीही नवीकोरी असताना. दादाची चार वर्षांची होती.

हा झाला खर्च. आता जमा. जागच्या जागी, कमी आरपीएमवर पाच मिनिटांत बॅटरीत परत जातं फार तर एक अँपिअर-अवर. एसी आणि हेडलाइट लावले तर तेही नाही. गाडीचा आल्टरनेटर जो काही करंट बनवतो, तो हेच दोघं खाऊन टाकतात.

बाबांनी चष्मा वर केला. "म्हणजे दर आठवड्याला साडेतीन काढायचे आणि एक भरायचा?"

एक्झॅक्टली.

तरी नुसती बॅटरी उतरली असती तर चार्ज करून काम भागलं असतं. खरं दुखणं पुढे आहे. आपल्या गाडीत असते ती शिशाच्या पट्ट्या आणि पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडची बॅटरी, गास्ताँ प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये शोधलेली. तत्त्व आजही तेच. बॅटरी उतरते तेव्हा पट्ट्यांवर लेड सल्फेट साचतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळून जातं. पण अर्धपोटी अवस्थेत आठवडेच्या आठवडे ठेवली, की त्याचे कडक खडे होतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. दादाची बॅटरी मेकॅनिकनं रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी फुल दाखवत होती, दुपारी पुन्हा ढिम्म. "काका, आता ह्यात जीव नाही," असं म्हणून त्यानं नवी बसवली. साडेचार हजार रुपये. बाबांना पैशांचं काही वाटलं नाही. आपण मनापासून केलेलं काम उलट पडलं, हे मात्र त्यांना जाम लागलं.

आणि गंमत बघा, दादा हे अडीच महिने ज्या घरात राहत होता, तिथल्या गॅरेजमध्ये उत्तर रोज त्याच्या डोळ्यांसमोर होतं! मिनेसोटाचा हिवाळा म्हणजे उणे वीस वगैरे नॉर्मल. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा पत्रा खातं. त्यामुळे तिथले शौकीन लोक उघड्या टपाच्या, लाडक्या गाड्या नोव्हेंबरात आत लावतात, त्या थेट एप्रिलमध्ये बाहेर काढतात. त्याच्या घरमालकांची अशी एक जुनी कन्व्हर्टिबल होती. पाच महिन्यांत ती कोणी एकदाही स्टार्ट करत नव्हतं. बॉनेटखालून एक वायर निघून भिंतीवरच्या डबीत गेलेली आणि डबीवर एक हिरवा दिवा. बस्स. दादाला वाटायचं, गॅरेजचा काहीतरी अलार्म असेल. इंजिनिअर आहे बरं का तो.

ती डबी म्हणजे बॅटरी मेंटेनर, आपल्याकडे स्मार्ट चार्जर म्हणून मिळतो तो. तो बॅटरी फुल झाली की हात आखडता घेतो आणि मग साडेतेरा व्होल्टच्या आसपास नुसता टेकू देत राहतो. साधा जुना चार्जर महिनोन्‌महिने लावून ठेवलात तर तो बॅटरी उकळून काढेल. तिथे हे लाड करण्यामागे कारणही जबरी आहे. फुल चार्ज बॅटरीतलं अ‍ॅसिड गोठायला उणे पन्नासच्याही खाली जावं लागतं. पण बॅटरी उतरली की आत जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे दहाच्या आसपास गोठतं. बर्फ फुगतो, डबा तडकतो, खेळ खलास.

आपल्याकडे ती भीती नाही. पण म्हणून आपण सुखी असंही नाही. बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप थोडी उतरतेच आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे मिनेसोटाच्या गारठ्यात वायर काढून ठेवलेली फुल बॅटरी हिवाळाभर मस्त झोपते, तर नागपूरच्या मे महिन्यात तीच बॅटरी झपाट्याने म्हातारी होते. थंडी फक्त भांडं फोडते, बॅटरीला मारतो तो उन्हाळा. डिसेंबरच्या सकाळी गाडी रुसते तेव्हा एप्रिल-मेचं बिल आलेलं असतं.

मग करायचं काय? पार्किंगमध्ये तुमच्या स्लॉटजवळ प्लग असेल (आणि सोसायटीच्या कमिटीशी तुमचे संबंध बरे असतील!) तर स्मार्ट चार्जरसारखं सुख नाही. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, एवढ्यासाठी जागा हवेशीर हवी आणि शेजारी सिगारेट नको. प्लग नसेल तर सरळ बॅटरीची वायर काढा. आधी एक लांब चक्कर मारून किंवा चार्जर लावून ती फुल करा, मग निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. निगेटिव्हच का? कारण गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला, तर जी ठिणगी उडेल ती जन्मभर लक्षात राहील. जोडताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. घड्याळ आणि रेडिओ स्टेशनं पुसली जातील, काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम कोड मागेल, तेव्हा आधी मॅन्युअल बघा. आणि किल्ली आत ठेवून दार लावू नका, रिमोट चालणार नाही.

दोन महिन्यांपेक्षा जास्त जाणार असाल, तर कोणाला तरी मल्टिमीटर लावायला सांगा. तीन-चारशेत मिळतो. गाडी बंद असताना १२.६ किंवा वर म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४ च्या खाली गेली की चार्जिंग. झाकणांची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर बघा (आरओचं चालत नाही, विचारू नका). टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून जुन्या टूथब्रशनं घासा. आणि बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते, हे अजूनही सांगणारे मेकॅनिक भेटतील. प्लास्टिकच्या डब्याच्या बॅटरीला फरशीनं काही होत नाही. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हसू नये. मोठ्या बॅटरीशिवाय त्यांच्या गाडीतही एक छोटी बारा व्होल्टची असते. ती गेली तर मोठी फुल असून गाडी जागची हलत नाही.

दादा या नोव्हेंबरात पुन्हा गेला, चार महिन्यांसाठी. निघायच्या आदल्या रात्री तो पाना घेऊन खाली गेला, वायर काढायला. बाबांनी त्याला थांबवलं. "गाडी चालली पाहिजे. पाच मिनिटांची मंगळागौर नको, नीट चालवतो." आता दर शनिवारी सकाळी सहाला, ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत, बाबा आणि आई खडकवासल्याला जातात. जाऊन-येऊन पाऊण तास, एसी बंद. आधी आई कुरकुरायची, हल्ली तीच पावणेसहाला पायात चप्पल घालून उभी असते. परत आल्यावर बाबा गाडीला निदान पाच तास हात लावत नाहीत, मग मल्टिमीटर. आकडा डायरीत. तारखेच्या पुढे, पासबुकासारखा.

मागच्या शनिवारी दादाचा मेसेज आला, "बाबा, सुरू होतेय ना?" बाबांनी उत्तर लिहिलं नाही. मल्टिमीटरचा फोटो पाठवला. १२.६४.