आकड्यांची साक्ष

खेळाडूच्या अंगीं उतारवयांत एकाएकीं बळ आलें तर तें औषधाचें, आणि तें एकाएकीं ओसरलें तर औषध बंद झाल्याची खूण, असा एक न्याय क्रीडापंडितांत रूढ होऊन बसला आहे. चढला तरी चोर आणि पडला तरी चोर! या न्यायांतून सुटण्यास खेळाडूला एकच वाट उरते. ती म्हणजे पंचांगांतील तिथींप्रमाणें ठराविक क्रमानें म्हातारा होण्याची. रॉजर क्लेमेन्स या अमेरिकन बेसबॉलपटूविषयीं गेलीं कित्येक वर्षें जें लिहिलें जात आहे, त्यांत हा न्याय इतक्या उघडपणें वापरलेला दिसतो कीं, विद्यार्थ्यांस हेत्वाभास शिकवावयाचे झाल्यास दुसरें उदाहरण शोधावयास नको.

बेसबॉल आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचा खेळ नव्हे. तेव्हां दोन शब्द सांगणें अवश्य आहे. त्यांतील पिचर म्हणजे एका अर्थीं गोलंदाजच. मात्र चेंडूला टप्पा नाहीं. साठ फुटांवरून ताशीं नव्वद-पंचाण्णव मैलांच्या वेगानें तो थेट फेंकावयाचा, आणि दर चार-पांच दिवसांनीं असे शंभर शंभर चेंडू टाकावयाचे. फलंदाजाच्या तिन्ही संधी फुकट घालवून त्याला माघारीं धाडणें यांत पिचरचें खरें कसब. खांदा आणि कोपर हेंच त्याचें भांडवल, आणि तें दरसाल खर्चीं पडतें.

क्लेमेन्सचा जन्म १९६२ चा. १९८६ च्या एप्रिलांत बोस्टनकडून खेळतांना त्यानें एकाच सामन्यांत २० फलंदाज असे रिकाम्या हातीं परत पाठविले. नऊ डावांच्या सामन्यांत हें पूर्वीं कोणासही साधलें नव्हतें. पुढें १९९३ ते १९९६ या चार वर्षांत त्याच्या नांवें ४० विजय व ३९ पराजय लागले, आणि बोस्टनच्या व्यवस्थापकानें त्याच्या कारकीर्दीची संध्याकाळ झाल्याची भाषा केली. तो टोरोंटोस गेला. १९९७ सालीं तेथें त्यानें २१ सामने जिंकले व अवघे ७ गमावले. त्रेचाळिसाव्या वर्षीं, म्हणजे २००५ सालीं, ह्यूस्टनकडून खेळतांना नऊ डावांमागें त्यानें दिलेल्या धावांची सरासरी १.८७ होती. आणि दोनच वर्षांनीं, २००७ मध्यें, न्यूयॉर्कच्या यँकीज संघांत ६ विजय, ६ पराजय, सरासरी ४.१८, अखेरच्या सामन्यांत तिसऱ्याच डावांत मांडीची शीर धरून त्याला मैदान सोडावें लागलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत माजी सिनेटर मिचेल यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत ऐंशीहून अधिक खेळाडूंचीं नांवें होतीं, आणि एके काळच्या त्याच्या व्यायामशिक्षकाच्या सांगण्यावरून क्लेमेन्सचेंही होतें. मग काय विचारतां! आलेख काढले गेले, आणि टोरोंटोची चढण व न्यूयॉर्कची उतरण हींच दोन साक्षीदार म्हणून उभीं करण्यांत आलीं.

या साक्षीदारांची थोडी उलटतपासणी करूं. पहिला प्रश्न हा कीं, जी चढण म्हणून दाखवितात ती चढण होती काय? १९९६ सालीं बोस्टनमध्यें क्लेमेन्सच्या वांट्यास १० विजय व १३ पराजय आले हें खरें. परंतु त्याच वर्षीं त्यानें २५७ फलंदाज रिकामे परत धाडले, आणि त्या सबंध लीगमध्यें याहून मोठा आंकडा कोणाचाही नव्हता. सप्टेंबरांत डेट्रॉइटविरुद्ध त्यानें आपला वीसांचा विक्रम पुन्हां गांठला. विजय-पराजय हा सबंध संघाचा हिशेब. तो एकट्या पिचरच्या दंडाची नाडी म्हणून वाचणें ही अडाणी वैद्यकी झाली.

दुसरा प्रश्न याहून अडचणीचा आहे. ज्या व्यायामशिक्षकाच्या शब्दावर सारें प्रकरण उभें राहिलें, त्याच्याच सांगण्याप्रमाणें पहिली सुई टोंचली गेली ती १९९८ च्या उन्हाळ्यांत. मग १९९७ चा चमत्कार कोणाच्या खात्यावर मांडावयाचा? त्यानें सांगितलेलीं पुढचीं वर्षें २००० व २००१ हीं. म्हणजे २००५ ची १.८७ ही सरासरीही त्याच्या कथेबाहेरच राहते. आलेखवाल्यांनीं साक्षीदारावर तरी विश्वास ठेवावा किंवा आलेखावर तरी.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. १९९८ च्या मेअखेर क्लेमेन्स ५ सामने जिंकून ६ हरला होता. त्यानंतर त्याच्या नांवें ओळीनें १५ विजय लागले. परंतु १९८६ च्या आरंभीं तेविसाव्या वर्षीं त्यानें असेच ओळीनें १४ सामने जिंकले होते, आणि तेव्हां कोणाच्याही मनांत पाप आलें नव्हतें. शिवाय सुईमागून विजय आला म्हणून सुईमुळें आला, हा तर काकतालीय न्यायच. १८८९ सालीं गॅल्विन नांवाच्या पिट्सबर्गच्या नांवाजलेल्या पिचरनें ब्राउन-सेकार या शास्त्रज्ञानें काढलेला, प्राण्यांच्या वृषणांचा अर्क टोंचून घेतला व लगेच सामना जिंकला. वृत्तपत्रांनीं निषेध केला नाहीं. अर्काची वाहवा केली! तो अर्क निरुपयोगी होता असें आजचे शास्त्रज्ञ मानतात. विजय मात्र खरा होता.

उतरणीविषयीं तर बोलावयासच नको. स्टीव्ह कार्लटननें १९८४ सालीं, एकोणचाळिसाव्या वर्षीं, १३ विजय मिळविले. पुढच्याच वर्षीं त्याच्या पदरीं एक विजय व ८ पराजय आले, आणि मग तो या संघांतून त्या संघांत हिंडत राहिला. नोलन रायन १९९३ सालीं शेहेचाळिसाव्या वर्षींही वेगानें चेंडू टाकीत होता; एके दिवशीं भर सामन्यांत कोपरांतील स्नायुबंध तुटला आणि खेळ संपला. म्हातारपण जिना उतरून येतें अशी समजूत आहे; पिचरच्या बाबतींत तें बहुधा कठड्यावरून उडी घेतें.

२००८ च्या आरंभीं क्लेमेन्सच्या मुखत्यारांनीं आंकड्यांचा एक लांबलचक अहवाल काढून रायन व आणखी एक-दोघांशीं त्याची तुलना केली आणि तो निर्दोष असल्याचें सुचविलें. पेन्सिल्व्हेनियाच्या व्हार्टन विद्यालयांतील प्राध्यापकांनीं त्याची चूक बरोबर पकडली. उतारवयांत यशस्वी झालेलेच खेळाडू निवडून तुलना केल्यास निष्कर्ष आधींच ठरलेला असतो. त्यांनीं ३१ दीर्घायुषी पिचर घेतले आणि क्लेमेन्सची वाट इतरांहून निराळी दिसते असें दाखविलें. पण येथेंच ते थांबले. या आंकड्यांवरून दोष सिद्ध होत नाहीं आणि निर्दोषपणाही सिद्ध होत नाहीं, असेंच त्यांचें म्हणणें होतें. हा संयम मात्र कोणीं उचलला नाहीं. निराळेपणा तेवढा उचलला.

आम्ही क्लेमेन्सला निर्मळ ठरवीत आहों असें कोणी समजूं नये. काँग्रेसपुढें खोटी साक्ष दिल्याच्या खटल्यांत २०१२ च्या जूनमध्यें ज्यूरीनें त्याला सर्व आरोपांतून मुक्त केलें. परंतु मुक्तता म्हणजे गंगास्नान नव्हे, हें आम्ही जाणतों. आमचा मुद्दा असा कीं, जें एका तपासणीनें कळलें असतें तें आतां कधींच कळावयाचें नाहीं, आणि ही दुर्दशा खेळाडूंनीं एकट्यानें ओढवलेली नाहीं. स्टेरॉइड निषिद्ध असल्याचें पत्रक बेसबॉलच्या आयुक्तांनीं १९९१ सालीं काढलें. मूत्रपरीक्षा सुरू झाली २००३ मध्यें, तीही निनांवी, आणि शिक्षेची तरतूद आली २००४ मध्यें. मधल्या काळांत १९९४ चा संप झाला, प्रेक्षक रुसले, आणि १९९८ सालीं धिप्पाड फलंदाजांच्या उत्तुंग टोल्यांनीं ते परत आले. मालकांनीं तिकिटें विकलीं, खेळाडूंच्या संघटनेनें तपासणीस विरोध केला, आणि पत्रकारांनीं स्तुतिस्तोत्रें गाइलीं.

तपासणी असली म्हणजे काय होतें तें आपल्याकडे २०१९ सालीं दिसलें. मुंबईच्या पृथ्वी शॉच्या नमुन्यांत टर्ब्युटालिन सांपडलें. खोकल्याच्या औषधांतून तें आल्याचा त्याचा खुलासा मंडळानें मान्य केला, आठ महिन्यांची बंदी झाली, ती भोगून तो पुन्हां खेळूं लागला. द्रव्याला नांव होतें, शिक्षेला मुदत होती. क्लेमेन्सच्या संशयाला दोन्हीही नाहींत.

कूपर्सटाउनच्या सन्मानमंदिरांत प्रवेशासाठीं शेंकडा ७५ मतें लागतात, आणि मतदार म्हणजे तेच वृत्तपत्रलेखक. ७ वेळां साय यंग पारितोषिक आणि ३५४ विजय मिळविलेल्या क्लेमेन्सला २०२२ सालीं, दहाव्या व अखेरच्या मतदानांत, ६५.२ मिळालीं. नियमांत चारित्र्याची अट आहे, ती ते पुढें करतात. परंतु अर्क टोंचून घेतलेला गॅल्विन त्या मंदिरांत १९६५ पासून आहे. आणि बड सेलिग, जे १९९२ पासून या सबंध काळांत खेळाच्या कारभाराचे प्रमुख होते, त्यांची स्थापना तेथें २०१७ सालीं झाली. त्यांना निवडणारी समिति निराळी होती हें आम्हांस ठाऊक आहे. पण देऊळ तेंच. आलेख काढणाऱ्या पंडितांनीं सेलिग यांच्या कारकीर्दीचाही एखादा आलेख काढून दाखवावा; आम्ही तो आनंदानें पाहूं.