वऱ्हाडचे गहाणखत

सावकार कुळाचे शेत गहाण घेतो, तेव्हा निदान त्या कुळाचा अंगठा तरी कागदावर उमटवून घेतो. आमच्या वऱ्हाडाच्या भवितव्याचे कागद मात्र सन 1803 पासून शंभर वर्षांत चार वेळा लिहिले गेले, आणि त्यांपैकी एकावरही येथील प्रजेची निशाणी नाही. राष्ट्रे व प्रांत रणांगणावर आणि तहाच्या बैठकीत कसे घडतात हे परदेशच्या इतिहासांत शोधणाऱ्या आमच्या सुशिक्षित बंधूंनी आधी हे घरचे दप्तर उघडावे.

दि. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अकोल्याकडील अडगावच्या मैदानात आणि 15 डिसेंबर रोजी गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख इंग्रजांचे दोस्त जे निजाम, त्यांस मिळाला. पुढे हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च निजामांच्या अंगावर थकला, तेव्हा 1853 च्या तहाने त्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेला. 1860 मध्ये सुमारे 50 लक्षांचे कर्ज माफ झाले, धाराशिव व रायचूर दुआब परत गेले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला. ज्या शेताचे उत्पन्न चांगले ते सावकार सहसा सोडीत नाही, हे व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको.

हे उत्पन्न म्हणजे कापूस. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला, आणि त्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीवर खिळली. आगगाडी आली, 1870 मध्ये खामगावच्या बाजारापर्यंत तिचा फाटा पोचला. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण खरी. परंतु भाव चढला तो परक्यांच्या युद्धाने आणि कोसळला तोही त्याच युद्धाच्या अखेरीने. या दोहोंत शेतकऱ्यास कोणी विचारले नाही.

चौथा कागद 1902 चा. लॉर्ड कर्झन यांनी दरसाल 25 लक्ष रुपयांच्या बोलीने वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला, आणि 1903 मध्ये तो मध्यप्रांतास जोडला. 1936 साली निजामांच्या युवराजांस ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. किताब हैदराबादेस, कारभार नागपुरास, आणि सारा भरावयाचा अमरावती-अकोल्याने!

ही परंपरा प्रथम मोडली ती 8 ऑगस्ट 1947 रोजी, अकोल्यात. त्या दिवशी लोकांचे पुढारी एकत्र बसले आणि एका महाराष्ट्र प्रांतात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत असा करार झाला. तो अमलात आला नाही. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्या व शिक्षणातील वाटा आणि विधिमंडळापुढे दरसाल अहवाल यांची हमी दिली. 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. ती बाजूस राहिली. 1 मे 1960 रोजी आम्ही महाराष्ट्रात आलो, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. राज्यघटनेच्या 371 व्या कलमान्वये विकास मंडळे मात्र 1994 मध्ये स्थापन झाली, आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली.

कोणी म्हणेल, ही जुनी भांडणे उकरून फुटीस खतपाणी कशास घालता? आमचे उत्तर असे की, फूट हिशेब मागण्याने पडत नाही, हिशेब न दिल्याने पडते. वेगळे व्हावे की एकत्र नांदावे या वादात दोन्ही पक्षांस प्रामाणिक माणसे आहेत, आणि तो वाद आज आम्ही येथे सोडवू इच्छीत नाही. परंतु 1853 चा कागद दोन सरकारांमधला होता, त्याबद्दल प्रजेस जाब विचारण्याचा अधिकारच नव्हता. 1953 चा कागद आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांस लिहून दिला आहे. कायदा शिकलेल्या आम्हांस या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर दिसते. तेव्हा पाटबंधारे, रस्ते, शाळा व नोकऱ्या यांचा जिल्हावार हिशेब दरसाल छापून प्रसिद्ध व्हावा, अशी मागणी अमरावती व अकोला येथील व्यापारी, वकील व नगरवासी यांनी एकमुखाने करावी. दिवाळीस स्वतःची वही पुजणाऱ्यांनी आपल्या प्रांताची वही न पाहता राहावे, हे आम्हांस शोभत नाही.